वाल्मीक तोताराम शिरसाठ यांचा अर्ज

(देवपूर, धुळे. मे महिन्यातली सकाळ, साडेदहाची वेळ. दुमजली घरासमोर विजेचा खांब. वायरमन झुलाल शिडीवर, घरमालकीण आक्काबाई खाली.)

आक्काबाई : झुलाल भाऊ, पहिले खाली उतर. वायर तोडीसन मग सांगस का, काय झायं ते?

झुलाल : उतरतो आक्का. कागद शे खिशात. दोन्ही हात गुंतलेत, दाखवू कसा?

आक्काबाई : बिलाचं काही राहिलं का?

झुलाल : बिलाचं काहीच नाही. ऑफिसातून यादी आली, यादीत तुमचं घर. पुढे लिहिलं, कायमस्वरूपी खंडित.

आक्काबाई : कायमस्वरूपी म्हणजे किती दिवस?

झुलाल : म्हणजे कायमचं.

आक्काबाई : आणि हे ठरवलं कोणी?

झुलाल : ग्राहकानेच. अर्ज दिलाय, मीटर बंद करा म्हणून. हे घ्या, झालं माझं काम. ही यादी. सोळावं नाव. वाल्मीक तोताराम शिरसाठ.

आक्काबाई : वाचता येतं माले. सातवी पास शे मी. हे तर आमचे हे.

झुलाल : मग बोलवा ना त्यांना. त्यांनी ऑफिसात जाऊन सांगितलं, चुकून अर्ज दिला, तर मी दहा मिनिटांत परत जोडून देतो.

आक्काबाई : त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

झुलाल : कुठे?

आक्काबाई : कुठे काय? वारले ते.

झुलाल : माफ करा आक्का. मी या भागात नवीन. चार महिने झाले साक्रीहून येऊन.

आक्काबाई : तुझी काय चूक त्यात? पण मेलेल्या माणसाने अर्ज दिला कसा?

झुलाल : ते मी नाही सांगू शकत. मला नाव येतं, खांबाचा नंबर येतो. माणूस शे का नाही, असा रकाना यादीत नसतो.

प्रेमराज : आक्का, लाईट का गेली? आज तर गुरुवार, आज बंद ठेवायचा दिवस नाही.

आक्काबाई : ये प्रेमराज, तूच बोल यांच्याशी. झुलाल भाऊ, हा मना भाडेकरू, वरच्या मजल्यावर ऱ्हास. शिंदखेड्याकडचा पोऱ्या. कॉम्प्युटरचं काम करस घरी बसून.

झुलाल : वरती काय वाजतंय?

प्रेमराज : कुठे?

झुलाल : तुमच्या खोलीत. टुं टुं टुं.

प्रेमराज : ते… यंत्र आहे एक. लाईट गेली की ओरडतं.

आक्काबाई : कॉम्प्युटर ओरडस का असा?

प्रेमराज : कॉम्प्युटर आहे त्यात. छोटा. तापमान बघणारा.

आक्काबाई : कशाचं तापमान?

प्रेमराज : आक्का, आपण नंतर बोलू. आधी यांना जोडायला सांगा.

आक्काबाई : प्रेमराज, मी सोळा वर्षांची व्हती तैपासून माले खोटं बोलणारे ओळखू येतस. आता अडुसष्ट शे. कशाचं तापमान?

प्रेमराज : अंड्यांचं.

झुलाल : अंड्यांचं?

प्रेमराज : गावरान कोंबडीची अंडी. उबवायचं यंत्र आहे. तीनशे अंडी. आज सोळावा दिवस. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, गावोगावच्या बाया घेऊन जातात. सगळी आधीच सांगून ठेवलेली आहेत.

आक्काबाई : तीनशे? मी खाली झोपस आणि वरती तीनशे कोंबड्या?

प्रेमराज : कोंबड्या नाहीत आक्का, अंडी. आपल्या कागदात कुत्रं-मांजर पाळू नये असं आहे. अंडं म्हणजे अजून जनावर नाही.

आक्काबाई : आणि एकविसाव्या दिवशी?

प्रेमराज : एकविसाव्या दिवशी मी नेऊन देतो. आतापर्यंत चार वेळा नेली, तुम्हाला कळलं का?

आक्काबाई : ती खोकी? तू म्हणे कीबोर्ड शेतस.

झुलाल : बरं, माझी अजून अकरा घरं बाकी शेत. निघू का?

आक्काबाई : पण याले लाईटची काय गरज? या उन्हात तर वरच्या खोलीत आपोआप उबतील.

प्रेमराज : तेच तर आक्का. त्यांना साडेसदतीस लागतं. वरच्या खोलीत दुपारी बेचाळीस होतं. कूलर आणि यंत्राचा पंखा चालला नाही तर ती उबणार नाहीत, उकडतील. इन्व्हर्टर आहे, तीनपर्यंत ओढेल. त्यानंतर सोळा दिवसांची पिल्लं आतल्या आत मरतील. आत्ता ती हलतात आक्का. उजेडासमोर धरलं तर दिसतात.

आक्काबाई : झुलाल भाऊ, ऑफिस कुठे भरस आता?

झुलाल : जुन्याच जागी. पहिला मजला, खिडकी तीन. हितेंद्र साहेबांना भेटा. मी सांगितलं असं सांगू नका.

आक्काबाई : प्रेमराज, मोटारसायकल काढ. तुझं काय करायचं ते मी संध्याकाळी पाहीन.

⁂

हितेंद्र : ग्राहक क्रमांक सांगा.

प्रेमराज : दोनदा सांगितला साहेब.

हितेंद्र : हो, पण मधे स्क्रीन गेली होती. सांगा… हं. वाल्मीक तोताराम शिरसाठ, देवपूर. कायमस्वरूपी खंडित, आज सकाळी दहा पंचवीस. काम झालेलं आहे तुमचं.

आक्काबाई : झालं म्हणूनच आलो साहेब.

हितेंद्र : म्हणजे?

आक्काबाई : म्हणजे ते व्हायला नको होतं.

हितेंद्र : मावशी, या खिडकीवर माणसं काम झालं नाही म्हणून येतात. झालं म्हणून तक्रार करायला तुम्ही पहिल्या. अर्ज ग्राहकाचा आहे. चौदा मे रोजी आवक, आज बावीस. आठ दिवसांत निकाली. याहून जास्त काय सेवा द्यायची?

आक्काबाई : चौदा मे? म्हणजे गेल्या आठवड्यात?

हितेंद्र : हो. तुम्ही कोण त्यांच्या?

आक्काबाई : बायको.

हितेंद्र : मग घरातच विचारायचं ना. नवरा-बायकोच्या वादात आमचं कार्यालय पडत नाही.

आक्काबाई : विचारलं असतं. पण माणूस वारलेला शे.

हितेंद्र : अरेरे. चौदानंतर वारले का?

प्रेमराज : अकरा वर्षांपूर्वी वारले साहेब.

हितेंद्र : असं कसं? अर्जावर सही आहे. थांबा, मूळ कागद बघतो… हा. अच्छा. हा त्या गठ्ठ्यातला आहे.

प्रेमराज : कुठल्या गठ्ठ्यातला?

हितेंद्र : मार्चमध्ये आमच्याकडे रंगकाम झालं. लोखंडी कपाट सरकवलं तर भिंतीच्या आणि कपाटाच्या मधे एक गठ्ठा निघाला. दोनशे चौदा अर्ज. त्यातच वरून मोहीम आली, मे अखेर प्रलंबित अर्ज शून्य. मग काय करणार? मी आणि आमच्या मॅडमनी आठ दिवस बसून सगळे सिस्टीममध्ये चढवले आणि सगळे निकाली काढले. काल दुपारी शून्यावर आलो आम्ही. सत्काराचं पत्रही येणार आहे.

प्रेमराज : पण माणसं अर्ज विसरूनही गेली असतील.

हितेंद्र : आम्ही नाही ना विसरलो. एकाने लग्नाच्या मांडवासाठी तात्पुरती जोडणी मागितली होती. मंजूर केली, फोनही केला. म्हणाला, साहेब, मुलगा चौथीत गेला. पण चांगला बोलला.

आक्काबाई : मग आमच्या अर्जाची तारीख चौदा मे कशी झाली?

हितेंद्र : ज्या दिवशी चढवला ती आवक तारीख. सिस्टीम मागची तारीख घेत नाही.

आक्काबाई : म्हणजे तुमच्या सिस्टीमच्या हिशोबाने ते गेल्या आठवड्यात इथे येऊन गेले.

हितेंद्र : सिस्टीमच्या हिशोबाने, हो.

आक्काबाई : भेटले असते तर बरं झालं असतं.

प्रेमराज : साहेब, आमच्याकडे वेळ कमी आहे. परत जोडायचं तर काय करावं लागेल?

हितेंद्र : सोपं आहे. अर्जदाराने स्वतः येऊन अर्ज मागे घ्यायचा.

प्रेमराज : आत्ताच सांगितलं ना, ते वारले.

हितेंद्र : मग वारसाने मृत्यूचा दाखला जोडून आधी जोडणी स्वतःच्या नावावर करायची, आणि मग अर्ज मागे घ्यायचा.

आक्काबाई : दाखला शे माझ्याकडे. हा घ्या. पिशवीतच ऱ्हास. ते गेल्यापासून जिथे जास तिथे मागतात.

हितेंद्र : दाखला बरोबर आहे. पण नाव बदलायला जोडणी चालू पाहिजे. ही आज सकाळी दहा पंचवीसपासून अस्तित्वात नाही.

प्रेमराज : मग नवीन जोडणी द्या.

हितेंद्र : ती देता येते. जागेची पाहणी होते, पंधरा-वीस दिवस लागतात. पण त्या जागेत आधीचं मीटर नको.

आक्काबाई : मीटर तर भिंतीवर लटकी ऱ्हायनं.

हितेंद्र : ते काढायला वेगळा माणूस येतो. पण आमच्याकडे ते काढलेलं दिसतंय, त्यामुळे त्याला पाठवता येणार नाही.

प्रेमराज : म्हणजे भिंतीवर आहे म्हणून नवीन मिळणार नाही, आणि कागदावर नाही म्हणून कोणी काढणार नाही.

हितेंद्र : तुम्हाला लवकर समजलं. बऱ्याच लोकांना दोन-तीन चकरा लागतात.

प्रेमराज : साहेब, घरात तीनशे जीव आहेत. तीनपर्यंत लाईट नाही आली तर सगळे मरतील.

हितेंद्र : तीनशे? घरात?

आक्काबाई : अंडी शेतस. उबवायची.

हितेंद्र : घरगुती मीटरवर?

आक्काबाई : मीटर कुठे शे? तुम्हीच म्हणतात, अस्तित्वात नाही.

हितेंद्र : मावशी, तुम्ही माझ्यावर रागावू नका. मी नियम सांगतो. मला स्वतःला काही करायचं म्हटलं तर सिस्टीममध्ये बटण पाहिजे.

आक्काबाई : मी नाही रागावली. तो कागद बघू द्याल का माले?

हितेंद्र : अर्ज? अर्जदाराशिवाय दाखवता येत नाही, पण… बघा. इथेच, खिडकीवरच.

आक्काबाई : हे त्यांचंच अक्षर. शिरसाठमधला ठ बघ प्रेमराज, पोट सुटल्यासारखा. शाळेत शिपाई होते, पण हेडमास्तर नोटीस त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे.

प्रेमराज : काय लिहिलंय?

आक्काबाई : चष्मा काढू दे. "माननीय साहेब यांस विनंती अर्ज. मी खाली सही करणार वाल्मीक तोताराम शिरसाठ, निवृत्त शिपाई, राहणार देवपूर. येत्या ३० जून रोजी आम्ही उभयता राहते घर रिकामे करून नरडाणा येथे कायमचे राहण्यास जात आहोत. त्यानंतर आमचे मीटर बंद करावे. कारण…"

प्रेमराज : कारण काय?

आक्काबाई : थांब, चष्मा पुसू दे.

प्रेमराज : आक्का? द्या, मी वाचतो. "कारण : पत्नीची इच्छा."

हितेंद्र : मावशी, बसा. त्या खुर्चीवर बसा. पाणी देऊ का?

आक्काबाई : नको. बाटली शे माझ्याजवळ.

प्रेमराज : तुम्हाला माहीत नव्हतं?

आक्काबाई : नाही.

प्रेमराज : साहेब, एक वाजला. वरच्या साहेबांना भेटून काही होईल का?

हितेंद्र : साहेब नाशिकला गेलेत. शून्य प्रलंबितचंच सादरीकरण आहे.

आक्काबाई : हितेंद्र भाऊ, आज तारीख किती म्हणाले तुम्ही?

हितेंद्र : बावीस मे.

आक्काबाई : आणि यात काय लिहिलं? परत वाच प्रेमराज. मोठ्याने.

प्रेमराज : "येत्या ३० जून रोजी… घर रिकामे करून… त्यानंतर आमचे मीटर बंद करावे."

आक्काबाई : मग तीस जून झाली का?

हितेंद्र : मावशी, ते त्या वर्षीचं जून.

आक्काबाई : साल लिहिलं का त्यात?

हितेंद्र : साल वर आहे, अर्जाच्या तारखेत.

आक्काबाई : ती तारीख सिस्टीमने घेतली का?

हितेंद्र : नाही.

आक्काबाई : तिने कोणती घेतली?

हितेंद्र : चौदा मे. यंदाची.

आक्काबाई : मग चौदा मेला अर्ज देणाऱ्याची येती तीस जून कधी येस?

हितेंद्र : पुढच्या महिन्यात.

आक्काबाई : आणि लाईट आज तोडली. माणसाने सांगितल्याच्या एकोणचाळीस दिवस आधी. तो जिवंत असो का मेलेला.

प्रेमराज : साहेब, याला तर तुमच्याकडे काहीतरी बटण असेल.

हितेंद्र : असतं. "मुदतीपूर्वी चुकीने खंडित." त्याला वरची मंजुरीही लागत नाही. चार तासांत जोडायचं असतं.

प्रेमराज : मग दाबा ना.

हितेंद्र : दाबलं की हा अर्ज परत प्रलंबितमध्ये जातो. शून्याचा एक होतो. साहेब तिकडे पडद्यावर शून्य दाखवत असतील आणि इकडे एक होईल. तुम्हाला कल्पना नाही, या शून्यासाठी आम्ही रविवारीसुद्धा आलो.

आक्काबाई : भाऊ, तीस जूनला तुझं परत शून्य होईल. तोपर्यंत एक राहू दे. आमच्या ह्यांनी अकरा वर्षं त्या कपाटामागे काढली. तू एकोणचाळीस दिवस काढ.

हितेंद्र : …खांब नंबर सांगा.

प्रेमराज : लिहून आणलाय साहेब.

हितेंद्र : झालं. झुलालला निरोप जातोय. पण एक ध्यानात ठेवा. तीस जूनला ही जोडणी आपोआप परत तुटेल. त्याआधी मावशींच्या नावावर करून घ्या, आणि हा अर्ज मागे घेतल्याचं पत्र द्या. आता जोडणी चालू दिसेल, त्यामुळे दोन्ही होईल. मी करून देतो. रांगेत उभं राहू नका, सरळ आत या.

आक्काबाई : या कागदाची झेरॉक्स मिळेल का?

हितेंद्र : अर्जाची प्रत फक्त अर्जदाराला… घेऊन जा. खाली समोरच दुकान आहे. मूळ तेवढा परत आणून द्या.

⁂

झुलाल : लागली का?

प्रेमराज : लागली. दोन पस्तीस. इन्व्हर्टरने मघापासून लाल दिवा लावला होता.

झुलाल : सहा वर्षं खांबावर चढतो, पण सकाळी तोडलेली दुपारी जोडायला पहिल्यांदा आलो. काय सांगितलं तुम्ही हितेंद्र साहेबांना?

प्रेमराज : आक्कांनी सांगितलं. तारीख वाचायला लावली.

झुलाल : अंडी वाचली का?

प्रेमराज : आत्ता कळणार नाही. आतलं तापमान एकोणचाळीसपर्यंत गेलं होतं थोडा वेळ. काही जातील. बरीच राहतील.

झुलाल : माझ्या घरवालीला दहा पिल्लं पाहिजेत. तिचं नाव लिहून ठेवा. आक्का कुठे शेत?

प्रेमराज : वर. मी सांगितलं, बघायला चला, तर लगेच जिना चढल्या.

⁂

आक्काबाई : हे असं रोज फिरवावं लागतं का?

प्रेमराज : यंत्र आपोआप फिरवतं. दर दोन तासांनी. लाईट नसली की हाताने. ते नका, आक्का, त्याच्यावर खूण आहे बघा, ती बाजू वर.

आक्काबाई : माझ्या आईकडे नरडाण्याला टोपलीत भुसा घालून कोंबडी बसवायचे. ती उठली की आम्ही दोघी बहिणी तिले परत बसवत. बेबाबाई धरायची, मी दाणे टाकायची.

प्रेमराज : बेबाबाई म्हणजे तुमच्या बहीण? मागे दिवाळीला आल्या होत्या त्या?

आक्काबाई : तीच. तिच्या घराला लागून मोकळी जागा होती. ती म्हणे, दोन खोल्या टाका, इकडेच या. मी दोन वर्षं ह्यांच्या मागे लागली. निवृत्त झाले, पोरीचं लग्न होऊन ती जळगावला गेली, मग या गल्लीत काय ठेवलं? ते म्हणायचे, शाळेची घंटा ऐकल्याशिवाय मला सकाळ झाली असं वाटत नाही. शेवटी होळीच्या दिवशी मी सांगून टाकलं, मी परत कधी विचारणार नाही. आणि बोलणंच बंद केलं.

प्रेमराज : किती दिवस?

आक्काबाई : उन्हाळाभर. म्हणजे जेवायला वाढायची, कपडे धुवायची. बोलायची नाही. शेवटचं बोलणं आठवतं माले. त्यांनी विचारलं, भाजीत मीठ कमी शे का? मी म्हटलं, मिठाचा डबा समोर शे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला गेले आणि तिथेच बसले, ते उठलेच नाहीत. जूनची नऊ तारीख.

प्रेमराज : आणि अर्जावर तारीख?

आक्काबाई : एकवीस मे. झेरॉक्स बघ. स्वच्छ शे.

प्रेमराज : मग तेव्हाच नरडाण्याला का नाही गेल्या? ते गेल्यावर?

आक्काबाई : बेबाबाई आली होती न्यायला. मी गेली नाही. म्हटलं, या माणसाची एवढी इच्छा होती इथेच ऱ्हायची, त्यासाठी माझं मन मोडलं, तर आता त्याच्या माघारी कसं सोडू? त्यांच्या इच्छेखातर बसली इथे. अकरा वर्षं घंटा ऐकते. माले त्या घंटेचा किती राग येतो, तुले काय सांगू.

प्रेमराज : पण त्यांनी ठरवलं होतं तर सांगितलं का नसेल?

आक्काबाई : तेच दुपारपासून डोक्यात शे. एक शब्द बोलले असते.

प्रेमराज : मंजुरीची वाट बघत असतील आक्का. शाळेत नोकरी केलेला माणूस. कागद हातात पडल्याशिवाय तोंडातून काढणार नाही.

आक्काबाई : तसेच होते ते. पोरीचं स्थळ पक्कं झालं, ते मला सुपारी फुटल्यावर सांगितलं. म्हणे, आधी सांगून फिसकटलं असतं तर तू रडली असती.

प्रेमराज : मग तसंच झालं असेल. आठ-पंधरा दिवसांत मंजूर होईल, मग दाखवू, असं वाटलं असेल त्यांना.

आक्काबाई : हं. मंजूर व्हायला जरा वेळ लागला.

प्रेमराज : चहा ठेवू का?

आक्काबाई : ठेव. आणि ते कीबोर्ड. परत माझ्याशी खोटं बोलायचं नाही. घरी बी कॉम्प्युटरचंच सांगितलं का तू?

प्रेमराज : वडिलांना वाटतं मी पुण्याच्या कंपनीचं काम करतो. कृषीचा डिप्लोमा करून पोरगा कोंबड्या विकतो म्हटलं तर लग्न कसं जमणार, असं त्यांचं म्हणणं.

आक्काबाई : सांगून टाक त्यांना. एकदा सांगायचं राहिलं ना, तर मग ते ऱ्हासच.

प्रेमराज : म्हणजे मी राहू ना इथे?

आक्काबाई : ऱ्हा. खालची मागची खोली घे यासाठी. तिथे थंड ऱ्हास, कूलर लागणार नाही. वरती तुझी माणसं आली तर बसायला जागा पाहिजे.

प्रेमराज : मागच्या खोलीत तर तुमचं सामान आहे.

आक्काबाई : ते मी पाहीन.

प्रेमराज : बरं, उद्याचं बघू. मी गाडीवर येतानाच मनात मसुदा करून ठेवलाय. दोन कागद आहेत. एक, मीटर तुमच्या नावावर करायचा. दुसरा, अर्ज मागे घेतल्याचं पत्र. हितेंद्र साहेब म्हणाले, सरळ आत या. एका चकरेत होईल. तुम्ही फक्त सह्या करा.

आक्काबाई : एकच लिही.

प्रेमराज : कुठला?

आक्काबाई : माझ्या नावाने नवीन मीटर. त्यांचं तीस जूनला बंद होऊ दे. तू ऱ्हाशील तुझ्या कोंबड्यांजवळ, तुले लाईट लागेल. चहा झाला की माले बेबाबाईचा फोन लावून दे.

प्रेमराज : आक्का, नवीन जोडणी म्हणजे पाहणी, मीटर काढणारा, बसवणारा, महिनाभर खेटे. आणि अर्ज मागे घ्यायचा म्हणजे एक सही. सोपं सोडून अवघड कशाला करायचं?

आक्काबाई : मारू खेटे. जन्मात एकदा त्यांनी माझं ऐकलं, प्रेमराज. ते मी मागे कसं घेऊ?